ब्रेक कुणासाठी असतो?

गेल्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी मी बाबांच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड स्वतः बदलले. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यानंतर पाच मिनिटांत तीच गाडी शेजारच्या मावशींच्या पाठीत घालता घालता राहिली. मावशींना यातलं काहीच कळलं नाही. त्या गाडीकडे पाठ करून करंदी सोलत बसल्या होत्या.

मी मढला राहतो. मालाड स्टेशनहून सुटणारी २७१ नंबरची बस जिथे संपते आणि वर्सोव्याची फेरीबोट जिथे लागते, ते मढ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. कुणी होडीचा तळ खरवडत असतं, कुणी रंग लावत असतं, कुणी इंजिन खोलून बसलेलं असतं. सगळा गावच दुरुस्तीला काढल्यासारखा दिसतो. त्या रविवारी पाऊस उघडला होता. पलीकडे होड्यांचं काम चाललं होतं आणि अलीकडे मी बाबांची २०१३ सालची हॅचबॅक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, मोबाइलवर बारा मिनिटांचा एक व्हिडिओ बघत बसलो होतो.

काम तसं सरळ होतं. चाक काढलं, कॅलिपरचे बोल्ट सोडले, जुने पॅड बाहेर काढले. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटर जाड असतो. हे झिजून दोन-अडीचवर आले होते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या खाऱ्या हवेने गंजून धरल्या होत्या. त्या पॉलिश पेपरने घासल्या, ग्रीस लावलं. पिस्टन क्लॅम्पने मागे दाबला, नवे पॅड बसवले, चाक लावलं, नट आवळले. मग दुसरी बाजू. दोन तास लागले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि मला फार भारी वाटत होतं.

गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला. आमची जागा किंचित उताराची आहे. गाडी मागे सरकायला लागली, मी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. मग हँडब्रेक ओढला. तो मागच्या चाकांवर वायरने चालतो, त्याला मी हात लावलेला नव्हता म्हणून तो शाबूत होता. गाडी थांबली. उतरून पाहिलं तर बंपर आणि मावशींचं स्टूल यांच्यात हातभर अंतर होतं.

नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो. त्यानंतर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून पिस्टन पुन्हा पुढे आणावा लागतो. नाहीतर पहिल्या दाबात पॅड डिस्कपर्यंत पोचतच नाहीत. हे व्हिडिओच्या शेवटच्या मिनिटात सांगितलं होतं. मी ते मिनिट पाहिलं नव्हतं.

मावशींनी मान वळवून विचारलं, "झाली का रे गाडी?"

मी म्हणालो, "झाली."

*

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. स्वतःच्या गाडीच्या ब्रेकचं काम माणसाने स्वतः करावं का? 'करता येतं का' हा त्या प्रश्नाचा धाकटा भाऊ. आधी त्याचं उत्तर देतो, कारण ते सोपं आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचं पुढच्या चाकांचं काम अजूनही घरी करता येतं. पुढे डिस्क, मागे ड्रम, हँडब्रेकला वायर, अशी रचना असेल तर जॅक, स्टँड, पाने, क्लॅम्प आणि संयम एवढं पुरतं. मागचे ड्रम थोडे जास्त छळतात. आत स्प्रिंगा असतात आणि काढताना फोटो काढून ठेवला नाही तर परत लावताना घाम फुटतो. ब्रेक ऑइल बदलणं आणि पाइपातली एअर काढणं याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी.

याच उपनगरात, कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथे बनलेली पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आत बघायला एकही सेन्सर नाही. आपल्या गाडीचं बारीकसारीक काम स्वतः करणारे टॅक्सीवाले बाबांच्या पिढीने सर्रास पाहिलेत. 'आपला हात जगन्नाथ' ही म्हण त्या गाडीला अगदी शोभायची. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची पद्मिनी वयोमर्यादेमुळे मुंबईच्या टॅक्सींमधून गेली, तेव्हा माझ्या फोनवर दिवसभर हळवे मेसेज येत होते. त्या हळवेपणात मला फारसं जायचं नाही. चार ड्रमवर थांबणाऱ्या त्या गाडीपेक्षा आजची कुठलीही साधी गाडी पावसात लवकर आणि सरळ थांबते. एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ नयेत म्हणून ते सेकंदात अनेकदा दाब सोडतं आणि परत देतं. माझा पाय ते करू शकत नाही. तुमचाही नाही.

पण जी गोष्ट पायाला जमत नाही ती हातालाही सहज उघडता येत नाही. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बहुतेक वेळा स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह चालवावे लागतात. माझ्या ताईच्या गाडीला हँडब्रेकच्या जागी एक बटण आहे. ते दाबलं की मागच्या कॅलिपरवरची छोटी मोटर पिस्टन आवळते. तिथे पॅड बदलायचे तर आधी ती मोटर 'सर्व्हिस मोड'मध्ये न्यावी लागते. काही गाड्यांत ते पेडल आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने होतं, काहींत स्कॅनरशिवाय होत नाही. माझ्यासारखा उत्साही माणूस तिथे क्लॅम्प लावून पिस्टन मागे दाबायला गेला तर मोटर मोडून ठेवेल.

आणि आता तर काही गाड्यांचा ब्रेक पान्याने नाही, अपडेटने बदलतो. २०१८च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने टेस्लाची मॉडेल ३ तपासली. ताशी ६० मैलांच्या वेगावरून थांबायला तिला १५२ फूट लागले. हे जास्त होतं. कंपनीने इंटरनेटवरून सॉफ्टवेअर पाठवलं, पुन्हा चाचणी झाली आणि आकडा १३३ फुटांवर आला. मधल्या काळात कुणी चाक काढलं नव्हतं. मी रोज सॉफ्टवेअरच लिहितो, म्हणून ही बातमी वाचून मला आधी अभिमान वाटला आणि मग पोटात गोळा आला. एका अपडेटने एकोणीस फूट कमी होत असतील, तर एका अपडेटने वाढूही शकतात. आमच्या धंद्यात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मीळ नाही.

तर धाकट्या प्रश्नाचं उत्तर असं: जुन्या आणि साध्या गाड्यांत येतं, नव्यांत निम्मंच येतं, आणि ते निम्मं दरवर्षी आक्रसतंय.

*

आता मोठा प्रश्न. यावर दोन उत्तरं तयार मिळतात आणि मला दोन्ही अपुरी वाटतात.

पहिलं उत्तर मालकीचं. माझी गाडी, माझे पैसे, मी उघडणार. यामागे खरं भांडण आहे. आपल्याकडे २०११ साली स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार गेली: कार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळूच देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांचा एक बचाव सुरक्षिततेचा होता: अप्रशिक्षित माणसाच्या हाती हे भाग गेले तर धोका आहे. आयोगाने तो पुरेसा मानला नाही. प्रकरण नंतर अपिलात गेलं, पण मुद्दा मागे पडला नाही. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही त्या यादीत होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ आणि २०२० असं दोनदा याच हक्काच्या बाजूने मत दिलं.

मी या भांडणात दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने आहे. फोनची बॅटरी, मिक्सरची मोटर, गाडीची काच वर-खाली करणारं यंत्र, हे मी बिघडवलं तर मी भोगतो. पण त्या रविवारी मी चूक केली आणि ती भोगायची पाळी मावशींवर आली असती. गाडी माझी, पाना माझा, हौस माझी, आणि पाठ त्यांची.

गाडीतला जवळजवळ प्रत्येक भाग आत बसलेल्यांसाठी असतो. इंजिन मला नेण्यासाठी, सीट मला बसण्यासाठी, एसी मला गार ठेवण्यासाठी. ब्रेक मलाही वाचवतो हे खरं. पण मारवे रोडवर आक्साच्या वळणापाशी शाळेचं पोर अचानक रस्त्यावर येतं, तेव्हा तो त्या पोरासाठी असतो. त्या पोराने माझी गाडी विकत घेतलेली नाही, माझा व्हिडिओ पाहिलेला नाही, माझ्या हातावर विश्वास ठेवायला त्याला कुणी विचारलेलं नाही. ब्रेक माझ्या मालकीचा आहे, पण त्याचा वापर त्याच्या नावावर आहे. म्हणून 'माझी गाडी, माझी मर्जी' हे वाक्य स्टिअरिंगच्या कव्हरपर्यंत चालतं. चाकाच्या आत गेलं की अडतं.

मॅथ्यू क्रॉफर्ड नावाचा एक अमेरिकन लेखक आहे. राजकीय तत्त्वज्ञानात पीएचडी करून त्याने मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि २००९ साली हाताच्या कामाच्या मोलावर पुस्तक लिहिलं. ऑफिसात दिवसभर तिकिटं बंद करणाऱ्या माझ्यासारख्याला असा माणूस लगेच आवडतो. स्वतः दुरुस्त केलेल्या वस्तूतून मिळणारं समाधान खरं असतं, ते मी दोन तास अनुभवलं. पण ते माझं समाधान होतं. मावशींच्या बाजूने हिशोब मांडला तर त्यात माझ्या समाधानाची किंमत शून्य आहे.

*

मग दुसरं तयार उत्तर येतं: हे काम तज्ज्ञांवर सोडा. ब्रेकशी खेळू नका.

मी हे उत्तर जवळजवळ मान्य केलं होतं. दिवसाला पाच गाड्यांचे पॅड बदलणारा मेकॅनिक पेडल दाबायला विसरला नसता, हे मला कबूल आहे. अडचण दुसरीकडे आहे. त्या जूनच्या आधी चारच महिने मी ही गाडी एका सर्व्हिस सेंटरला दिली होती. बिलावर 'ब्रेक सफाई आणि तपासणी' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे रक्कम होती. जूनमध्ये चाक काढलं तेव्हा त्या पिना हातोडीने ठोकल्याशिवाय हलेनात. चार महिन्यांत इतका गंज आमच्या मढलाही चढत नाही. कुणी मुद्दाम फसवलं असं मला म्हणायचं नाही. बहुधा एका मुलाकडे दुपारपर्यंत आठ गाड्या होत्या आणि त्याने यादीतल्या सगळ्या चौकटींवर खुणा केल्या. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये अशा खुणा केल्या आहेत. फरक एवढाच की सर्व्हिस सेंटरमध्ये ग्राहकाने काचेच्या अलीकडे बसायचं असतं. तिथे कॉफी मिळते. पलीकडे काय झालं ते बिल सांगतं.

माझी चूक मला सापडली, कारण मी तिथे होतो. ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या काचेपलीकडची चूक कुणालाच सापडली नाही. त्या मुलाला ती झाली हेही माहीत नाही, त्यामुळे तो तीच उद्या पुन्हा करेल. तज्ज्ञावर सोडणं म्हणजे जबाबदारी योग्य माणसाकडे देणं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती वाटेत कुठेतरी सांडते.

सरकार बघतं का? टॅक्सी, रिक्षा, ट्रक यांना ठरावीक काळाने फिटनेस तपासणी असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि फिटनेसची तपासणी नूतनीकरणाच्या वेळी येते. मधल्या काळात पीयूसी असतं, पण ते धूर मोजतं, ब्रेक नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि तीत ब्रेक असतात. आपल्याकडे एखाद्या खासगी गाडीचे ब्रेक पंधरा वर्षांत एकाही परक्या, निःपक्ष डोळ्याने पाहिलेले नसू शकतात.

आणि कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १९०. गाडीत धोकादायक दोष आहे, तो चालवणाऱ्याला माहीत आहे किंवा सर्वसाधारण काळजी घेतली असती तर कळला असता, आणि तरीही त्याने ती सार्वजनिक ठिकाणी चालवली, तर तो गुन्हा आहे. 'सर्वसाधारण काळजी' हे शब्द वाचून मी बराच वेळ थांबलो. कायदा मला तज्ज्ञ व्हायला सांगत नाही. पण 'मी सर्व्हिसिंगला दिली होती' एवढ्यावर डोळे मिटायची मोकळीकही देत नाही. कळू शकलं असतं, तर कळून घेणं माझं काम.

आता हे कलम ताईच्या बटणवाल्या गाडीला लावून बघा. २०१० साली टोयोटाने प्रियस आणि इतर हायब्रिड मिळून सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या परत बोलावल्या. दोष एबीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. रोज चाक काढून बघणाऱ्या मालकालाही तो दिसला नसता. म्हणजे चालवणारा दोषी ठरू शकतो तो 'काळजी घेतली असती तर कळलं असतं' यावर, आणि गाडी अशी बनतेय की काळजी घेऊनही कळू नये. कंपन्या बंद झाकणामागे सुरक्षितता आहे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. इंटरनेटला जोडलेला ब्रेक कुणालाही उघडता आला तर मलाही झोप लागणार नाही. पण कुलूप एक आणि काच एक. उघडू नका म्हणणं समजू शकतं. बघूही नका, यावर मला आक्षेप आहे.

*

आमच्या शेजारी एक तांडेल काका आहेत. माझ्या आजोबांच्या होडीवर ते पोरवयात खलाशी होते. त्या रविवारचा प्रकार त्यांनी लांबून पाहिला होता. तेव्हा काही बोलले नाहीत. ऑगस्टमध्ये होड्या परत पाण्यात गेल्यावर एकदा जेट्टीवर भेटले. मी सहज विचारलं, "काका, इंजिन खोलून परत बसवलं की ते बरोबर बसलंय हे तुम्हाला कसं कळतं?"

ते म्हणाले, "ज्याने खोललं त्यालाच पहिल्या फेरीला घेऊन जातो."

मला आधी हा विनोद वाटला. मग कळलं की ही पूर्ण पद्धत आहे. होडीला ब्रेक नसतो. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं नाहीतर नांगर टाकायचा. किनाऱ्यापासून लांब इंजिन बंद पडलं तर ज्याचं काम कच्चं होतं तोही तिथेच असतो. कामाची किंमत भोगणारा आणि काम करणारा एकाच फळीवर बसतात. रस्त्यावर ही सोय नाही. माझ्या चुकीची किंमत भोगणारा माझ्या गाडीत नसतोच, तो समोरून चालत येत असतो. त्याला मी होडीत घेऊ शकत नाही. मग त्याच्या वतीने कुणीतरी दुसऱ्याने बघायला हवं.

हे मला खरं तर आधीपासून माहीत होतं. आमच्या टीममध्ये कुणीही, अगदी दहा वर्षं काम केलेला माणूसही, स्वतःचा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय लाइव्ह करत नाही. कुणी त्यात अपमान मानत नाही. लिहिणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, कारण त्याने ती बरोबर समजूनच लिहिलेली असते. पेमेंटचं एक बटण बदलायला मी दोन माणसांची परवानगी घेतो. चौदा वर्षांच्या पोरावर जाऊन आदळू शकणारी नऊशे किलोची गाडी रस्त्यावर आणायला मात्र मला फक्त स्वतःचा उत्साह पुरला होता.

त्यावरून मी जिथे पोचलोय ते असं. ब्रेकचं काम कुणी केलं, मालकाने की मेकॅनिकने, यावर ते नैतिक की अनैतिक हे ठरत नाही. ते दाखवता येतं का, आणि करणाऱ्याशिवाय आणखी कुणी ते पाहिलं का, यावर ठरतं. हा नियम मला लागू आहे, काचेपलीकडच्या मुलाला लागू आहे आणि सॉफ्टवेअर पाठवणाऱ्या कंपनीलाही. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा बहुतेक वेळा 'मला करू द्या' अशी होते. ब्रेकपुरतं मी ती 'आम्हाला बघू द्या' अशी मागेन: मला, माझ्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला, आणि सरकारच्या तपासनिसालाही. हात लावायचा हक्क मी गाडीगणिक सोडायला तयार आहे. बघायचा नाही. कारण तो माझ्या हौसेसाठी नाही, समोरून येणाऱ्यासाठी आहे.

आणि बघणं म्हणजे फार काही नाही. बऱ्याच गाड्यांत चाकाच्या फटीतून टॉर्च मारला की बाहेरचा पॅड दिसतो. तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायची वेळ झाली. बॉनेट उघडलं की ब्रेक ऑइलची डबी दिसते. पातळी हळूहळू खाली जातेय म्हणजे पॅड झिजताहेत किंवा कुठेतरी गळतंय. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५वर येते. खंडाळ्याच्या घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरताना हा फरक पायाला कळतो, आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. आपण दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतो. त्याच दिवशी ती डबी बघायला दोन मिनिटं लागतात. यातलं काहीच तज्ज्ञाचं काम नाही. ही सर्वसाधारण काळजी.

*

मी आता काय करतो ते सांगतो, कारण नुसतं मत देणं सोपं असतं.

बाबांच्या गाडीचं पुढचं काम मी अजून स्वतः करतो. झालं की मालवणीतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये जाऊन उस्तादांना दाखवतो. ते चाक हलवून बघतात, पेडल दाबून बघतात, कधी एखादा नट पुन्हा आवळतात. पैसे घेत नाहीत, म्हणून मी पुढचं ऑइल त्यांच्याकडूनच बदलून घेतो. ऑक्टोबरमध्ये ताईच्या गाडीचे मागचे पॅड बदलायचे होते. भाऊजी म्हणाले, "तू आहेस ना." मी नाही म्हणालो. पूर्वीचा मी व्हिडिओ शोधायला लागलो असतो. आम्ही उस्तादांकडेच गेलो. त्यांच्याकडे स्कॅनर होता. त्यांनी मला शेजारी उभं राहू दिलं, जुने पॅड माझ्या हातात दिले आणि पहिल्या फेरीला स्वतः गाडीत बसले. तांडेल काकांची आणि त्यांची ओळख नाही.

एक काम मात्र राहिलं होतं. इतकी सगळी समोरून येणाऱ्या माणसाची भाषा मी स्वतःशी करत होतो, आणि जिच्या पाठीपाशी ती सुरू झाली तिला काहीच सांगितलं नव्हतं. आधी वाटायचं, झालं तर काहीच नाही, उगाच कशाला घाबरवा. नंतर कळलं की मी मावशींना नाही, स्वतःला वाचवत होतो. 'झाली का रे गाडी'ला मी 'झाली' म्हणालो होतो. ते उत्तर म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या बिलावरची ओळच होती.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्या तशाच बाहेर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. पेडल, उतार, हातभर अंतर. त्यांनी ऐकून घेतलं. हात सोलण्यातून काढले नाहीत. मला वाटलं ओरडतील, किंवा देवाने वाचवलं म्हणतील.

"मग आधी सांगायचं ना रे," त्या म्हणाल्या. "उठले असते मी."